दवाईनं गेला

पुसदच्या एका मदरशात अय्यूब साहेब फिका शिकवत. फिका म्हणजे नमाज-रोज्यापासून लग्न-वाटणीपर्यंत धर्माचे सगळे कायदे. मुफ्ती माणूस, डोक्यात किताबांवर किताबं रचून ठेवलेली. पण खोड एक होती, आणि तोंडावर कुणी बोलत नसलं तरी ती सगळ्या मदरशाला ठाऊक होती. प्रश्न अर्धा कानावर पडला की यांचा जबाब तयार! विचारणाऱ्यानं श्वास घ्यायला थांबावं, तेवढ्यात साहेबांचं सांगून झालेलं असे. वर 'समजलं का?' असं अशा झोकात विचारत की नाही म्हणायची कुणाची छाती होत नसे.

मदरशाबाहेर त्यांचा पसारा मदरशाहून मोठा होता. दर महिन्याला एका तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावी दौरा असे. आसपासच्या खेड्यांतल्या मशिदींचे इमाम गोळा करायचे आणि दोन दिवस बसवून सबक द्यायचा. खेड्यातला इमाम म्हणजे काय हो, बहुतेक वेळा मिसरूड फुटताफुटता मदरसा सोडून आलेला पोरगा. गावात मात्र धर्माचं जे काही असेल ते त्याच्याच गळ्यात. विहिरीत मांजर पडलं, पाणी पाक की नापाक? चल इमामाकडं. नवऱ्यानं रागात तोंडातून भलतंच काढलं, आता संसार राहिला की तुटला? चल इमामाकडं. असा मसला आला, म्हणजे धर्माचा पेच पडला, की तो बिचारा घाबरून अय्यूब साहेबांना फोन लावी. साहेबांनी आपला नंबर सगळ्यांना देऊनच ठेवला होता. एकही फोन आपण बिनजबाबाचा ठेवला नाही, असं ते चारचौघांत सांगत, आणि ते खरंही होतं.

दोन हजार सतराचा भादवा होता. त्या साली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, अशी काही वाढली की वावरात शिरलेला माणूस बाहेरून दिसेना, आणि अळीही तशीच माजली. जिकडं जावं तिकडं फवारणी आणि दवाईचा उग्र वास. एसटीच्या खिडकीतून तो वास आत येई. सरकी पेरणारा प्रत्येक तालुका गेली कितीतरी वर्षं दवाई पिऊन गेलेल्यांच्या मयती मोजत होता, म्हणून दारव्ह्याच्या शादीखान्यात साहेबांनी या खेपेला जनाज्याचाच, म्हणजे मयतीवर पढायच्या नमाजेचाच, विषय घेतला होता. हॉल भरलेला, पंखे गरगरत होते, आणि साहेब रंगात आले होते.

तेवढ्यात फोन वाजला. वडगावचा इमाम परवेज. बोरी अरबच्या पुढं, डांबरी सोडून आत घुसलं की वडगाव लागतं. परवेज हा त्यांचा जुना शागीर्द, पाठांतरात पहिला, आज दौऱ्याला मात्र आला नव्हता. साहेबांना काय सुचलं, त्यांनी स्पीकर चालू केला आणि हॉलला म्हणाले, "ऐका. मसला असा येतो, आणि जबाब असा द्यायचा असतो."

"हजरत, गावात मयत झाली," परवेजचा आवाज हॉलभर घुमला. "सुग्राबीचा लहाना, मुनाफ. दवाईनं गेला. जनाज्याचं विचाराचं होतं..."

"दवाईनं?"

"हाव हजरत. यवतमाळले नेलतं दवाखान्यात, पन तिथंच..."

"मग विचारायचं काय त्यात? आलिमानं पुढं उभं राहायचं नाही. तू पढवू नकोस."

"पन हजरत, इथं..."

"पण नाही, परवेज! लोकांना जरब बसली पाहिजे, नाहीतर उद्या दुसरा बाटली तोंडाला लावेल. समजलं का?"

पलीकडून "जी हजरत" आलं. फोन बंद झाला.

साहेबांनी हॉलकडं पाहिलं. जीव देणं हा मोठा गुन्हा, म्हणून अशाच्या जनाज्याला मोठ्या आलिमानं, म्हणजे धर्म शिकलेल्यानं, मागं राहावं, हा झाला अर्धा मसला. उरलेला अर्धा चहानंतर सांगतो म्हणाले. चहानंतर कुणीतरी पाणी नसेल तर नमाजेआधी हातपाय धुण्याचा वजू कसा करायचा ते विचारलं, आणि गाडी तिकडंच गेली. उरलेला अर्धा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी सबक नुकताच सुरू झाला होता, तोच शादीखान्याच्या दारात एक बाई आणि एक माणूस येऊन उभे राहिले. बाई तिशीची, उन्हानं विटलेला बुरखा, तोंडावरचा पडदा मागं टाकलेला. माणसाचे डोळे लाल आणि पापण्या सुजून आलेल्या, दोन्ही हातांवर पुरळ. आत यावं की येऊ नये या विचारात तो चौकटीला धरून उभा होता. साहेबांना वाटलं मदत मागायला आले असतील. ते बाहेर गेले.

"वडगावहून आलो, मौलानासाब," बाई म्हणाली. "मी आरिफा. काल ज्याच्यासाठी परवेजनं तुमाले फोन केलता, तो मुनाफ माहा दीर. त्याले दवाई लागली. पेला नाई तो."

साहेबांच्या ओठांवर जबाब येत होता, सवयच ती! पण कशाचा जबाब द्यायचा तेच कळेना. "लागली म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"हा सांगते," ती म्हणाली. "हा गोविंदा. याच्यासंगंच होता."

गोविंदा वडगावच्या विहारापाठीमागच्या वस्तीतला. मुनाफ आणि तो दोघं मिळून रोजानं फवारणीला जात, एकाची शिदोरी दोघं खात. "विठ्ठलरावच्या वावरात होतो, मौलाना," तो म्हणाला. त्याचा आवाज घशातच खरवडत होता. "पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली. मारलेली दवाई वर जाते अन् फिरून तोंडावरच येते. मुनाफचा पंप गळून राह्यलता, पाठ सारी भिजली त्याची. म्हने, गोविंदा, डोळ्यापुढं अंधारी येऊन राह्यली. मी म्हनलं बस ना बाप्पा मंग! तं म्हने, हे एवढं पऱ्हाटीचं तास मारतो अन् बसतो. ओळीच्या अर्ध्यातच पडला. त्याले उचलता उचलता मीबी पडलो. एकाच गाडीत घातलं आमाले. मी वाचलो."

"मग गावात प्यायला असं कुणी सांगितलं?"

"विठ्ठलरावच्या मानसाईनं. वावरात काम करता करता मेला म्हनलं का त्याईच्या गळ्याशी येते ना. अन् दवाखान्याच्या कागदावर विषबाधा म्हून लिहून आलं. आता पेली का अंगाले लागली, हे त्या शब्दात कोनाले समजते? आमच्याकडं दवाईनं गेला म्हनलं का मानूस दुसरं काई समजतच नाई, मौलाना. इतके गेले तसे. मी दवाखान्यात पडलो होतो. काल संध्याकाळी घरी आलो तं मुनाफ पुरून झालता."

दवाईनं गेला. साहेबांनी काल हे तीन वेळा मनात फिरवून पाहायला हवं होतं. एकदाही नव्हतं फिरवलं. 

"आणि जनाजा कुणी पढवला?"

"कोनी नाई," आरिफा म्हणाली.

"कुणी नाही कसं? परवेज मागं राहिला असेल, पण गावातल्या दुसऱ्या कुणीतरी..."

"दुसरं कोन, मौलानासाब? आमच्या गावात ती नमाज येनारा परवेजच एक. बाकीचे त्याच्या मागं उभे राहून हात बांधतात. तो उभा राह्यला नाई तं कोनीच नाई राह्यलं. मुनाफले तसाच पुरला."

बिना नमाजचा! साहेब दाराशेजारच्या खुर्चीवर बसले. मदरशात एक उस्ताद मागं सरला तर दहा जण पुढं यायला असतात. तिथं 'आलिमानं पढवू नये' म्हटलं तर त्याचा अर्थ 'दुसऱ्यानं पढवावी' असाच होतो, आणि आजवर त्यांनी तो मसला तसाच शिकवला होता. वडगावात त्याच शब्दांचा अर्थ 'कुणीच पढवू नये' असा झाला. परवेज काल 'पन हजरत, इथं' म्हणाला होता तो हेच सांगायला. त्यांना स्वतःचा इतका संताप आला की हॉलमधल्या लोकांकडं मान वळवून पाहवेना.

एक वाट होती. मयत बिना नमाजची पुरली गेली असेल, तर देह शाबूत आहे असं वाटतं तोवर कबरीवर उभं राहून जनाज्याची नमाज पढता येते. काळी माती, त्यात पावसाळ्याचे दिवस, पण एकच रात्र गेलेली. अजून वेळ होता. आज होता, उद्याचं सांगता येत नव्हतं.

ते आत गेले आणि हॉलला म्हणाले, "जरुरी काम निघालं. आजचा सबक दुसरे उस्ताद घेतील." बस, एवढंच. काल ज्यांच्यासमोर स्पीकर लावला त्यांना आज काय झालं ते सांगितलं नाही. जीभ रेटलीच नाही. बाहेर पडताना आपण लपवलं हे त्यांना चांगलं कळत होतं.

काळीपिवळी जीप बोरी अरबकडं निघाली. आरिफा मागं बायकांत बसली, साहेब आणि गोविंदा मधल्या सीटवर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी पऱ्हाटीच पऱ्हाटी, आणि तिच्यात कुठं माणूस दिसत नसताना वर उडणारा दवाईचा धूर तेवढा दिसे. गोविंदानं खिडकीची काच वर ओढून घेतली.

"मौलाना," तो हळूच म्हणाला, "एक सांगू का? ही जे आरिफा आहे, हे मुनाफच्या मोठ्या भावाची बायको. हारुनची. हारुन गेल्या साली गेला. अन् तो मातर खरंच पेलता."

साहेबांनी मान वळवून त्याच्याकडं पाहिलं.

"त्याचीबी नमाज नाई झालती. परवेज म्हने, हजरतनं बोरीच्या दौऱ्यात तसंच शिकवलं."

बोरी अरबचा दौरा साहेबांना आठवला. त्या वेळीही विषय हाच होता. जरब, जरब, जरब असं टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, आणि लोकांनी माना डोलावल्या होत्या. उरलेला अर्धा मसला त्या वेळी सांगितला होता का? त्यांनी खूप आठवून पाहिलं, पण सांगितल्याचं काही केल्या आठवेना. मागं वळून पाहिलं तर आरिफा बाहेर बघत होती. सकाळपासून ती दिराबद्दलच बोलली होती, नवऱ्याचं एक अक्षर तिनं काढलं नव्हतं. 

वडगावात परवेज मशिदीच्या ओट्यावरच बसला होता. साहेबांना पाहून उठला, पण दरवेळेसारखा हात चुंबायला पुढं आला नाही.

"तू मला अडवलं का नाहीस?" साहेब म्हणाले. निघाला तो रागच निघाला, आणि तोही चुकीच्या माणसावर.

"अडवत होतो ना, हजरत. तुमी म्हनलं पन नाई."

"मग परत लावायचा फोन!"

"तुमीच शिकवलं ना आमाले, उस्तादानं एकदा सांगतलं का वाद घालाचा नाई म्हून." परवेजचे डोळे भरून आले. "अन् हजरत, मी हारुनच्या टायमालेबी नाई घातला."

 साहेबांनी मनाशी ठरवून टाकलं: गाजावाजा नको. परवेज, आपण, शेजारपाजारचे दोन-चार जण. गुपचूप जाऊन कबरीवर नमाज पढायची, मुनाफचं त्याला मिळेल, आणि बोभाटाही व्हायचा नाही. शरियतीप्रमाणं परवानगी लागते ती घरातल्या पुरुषाची, आईची नाही, आणि घरात पुरुष तर उरला नव्हता कुणी. पण तिला न विचारता कबरस्तानात पाऊल टाकायची हिंमत होईना. ते सुग्राबीच्या अंगणात गेले.

सुग्राबी भिंतीला टेकून बसली होती. साठी गाठलेली, हाडापेराची बाई, हात मांडीवर उताणे टाकलेले. आरिफा तिच्याशेजारी जाऊन बसली.

"आपा," साहेब उभ्या उभ्याच म्हणाले, "मुनाफ पेला नव्हता हे मला आता कळलं. त्याची नमाज कबरीवर पढायला आलो. तुमची इजाजत पाहिजे."

"कोन कोन पढनार?"

"मी, परवेज. आणखी दोन-चार जण."

"चोरून?" सुग्राबीनं वर पाहिलं. "काल माह्या पोराले नेलं तवा सारं गाव आपापल्या दारात उभं राहून पाहत होतं. खांदा देल्ला गोविंदाच्या घरच्याईनं. आपल्या मानसाईनं हात नाई लावला. पाप लागते म्हने हात लावला तं! अन् आता तुमी दोन-चार जन घेऊन जानार अन् पढून येनार. गावाले समजलं पाहिजे का नाई समजलं पाहिजे?"

"समजेल आपा, हळूहळू..."

"हळूहळू कायले? पढू नोका म्हून सांगतलं तवा हळू सांगतलं का तुमी? परवेजच्या फोनातून सारा ओटा ऐकत होता." मग ती अगदी शांतपणानं म्हणाली, "गावात मयत झाली का मशिदीच्या भोंग्यावर नाव घेतात, मौलाना. अमक्याचा अमका गेला, जनाज्याले या म्हून. गावातल्या दारुड्यायचंबी घेतात. माह्या पोराचं नाव नाई घेतलं कोनं. तुमी घ्या. तुमच्याच तोंडानं घ्या. मंग पढा."

भोंग्यावर!  भोंग्यावर बोललेलं वडगावात कसं राहील? संध्याकाळपर्यंत बोरीला, उद्या दारव्ह्याला, परवा पुसदला. मुफ्ती अय्यूबनं धडधडीत चुकीचं सांगितलं आणि एक मयत बिना नमाजची गेली! उद्या मसला विचारायला कोण येईल? मदरशाचे मोठे लोक काय म्हणतील?

"आपा, माझं बोलणं माझं एकट्याचं नसतं हो," ते म्हणाले. "त्याच्यामागं मदरशाचं नाव असतं."

"मंग मदरशाच्या नावानं बोला. पढू नोका हे बी त्याच नावानं सांगतलं ना?"

साहेबांना लाज वाटली. सरळ, साधी, लहानपणी वाटते तशी लाज. ते वळले आणि मशिदीत गेले. परवेजनं मशीन चालू केलं. भोंगा आधी करकरला, आणि गावातली कुत्री भुंकायला लागली.

"मोहल्लेवालो," साहेबांनी सुरुवात केली, "कल के मसले के बारे में कुछ नई मालूमात सामने आई है..."

परवेज शेजारी उभा होता. त्यानं मान खाली घातली. साहेबांनी ते पाहिलं आणि बोलता बोलता थांबले. नवी मालूमात कसली आली आहे? मालूमात कालही होती, विचारली असती तर मिळाली असती. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि गावाला सगळं कळावं म्हणून मराठीतच बोलले.

"मी पुसदचा अय्यूब. सुग्राबीचा मुलगा मुनाफ काल अल्लाला प्यारा झाला. तो दवाई पेला नव्हता. फवारणी करताना त्याला दवाई लागली. मेहनत करता करता गेला तो. मी पूर्ण विचारलं नाही आणि नमाज पढवू नका म्हणून सांगून मोकळा झालो. चूक माझी आहे. परवेजची नाही. मुनाफची जनाज्याची नमाज आता कबरीवर होईल. सगळ्यांनी या."

लोक आले. आधी दोन-चार, मग दारं उघडत गेली तसे आले. कुणी अर्ध्या जेवणावरून उठून आला, कुणी वावरातून तसाच चिखलाच्या पायांनी. कबरस्तान नाल्याच्या काठी, सगळीकडं वेडी बाभूळ माजलेली. मुनाफच्या कबरीवरची काळी माती अजून ओलसर होती. तिच्यापासून थोड्या अंतरावर हारुनची कबर, वर्षभरात खचून जमिनीबरोबर आलेली, वर गवत उगवलेलं. गोविंदा आणि त्याचे भाऊ कुंपणाशी उभे राहिले. बायका कबरस्तानात येत नाहीत, म्हणून सुग्राबी आणि आरिफा बाहेर फाटकापाशी थांबल्या.

रांगा लागल्या. साहेब पुढं झाले, तोंड किब्ल्याकडं, मक्केच्या दिशेला केलं, आणि हात उचलणार तेवढ्यात पहिल्या रांगेतून परवेज म्हणाला, "हजरत, एक मसला."

साहेब वळले. नेहमीप्रमाणं जीभ वळवळली, पण या वेळी त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि वाट पाहिली. 

"हा पेला असता तं?"

 पोरानं हा प्रश्न मुनाफसाठी विचारलेला नाही, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं, साहेबांनाही कळत होतं. सांगता आलं असतं की आता वेळ नाही, नमाज उरकू, मग बोलू. काल चहाच्या नावाखाली तेच केलं होतं. आणि उत्तर दिलं तर? तर फाटकात उभ्या असलेल्या दोघींना ते ऐकू जाणार होतं. मुनाफचं निस्तरता येण्यासारखं होतं. हारुनचं निस्तरण्यापलीकडं गेलेलं, आणि तेही यांच्याच शब्दानं गेलेलं.

"तरीही नमाज होती," साहेब म्हणाले. आवाज चढवायची गरज नव्हती, तरी त्यांनी चढवला. "पेलेला माणूसही मुसलमानच मरतो. त्याची नमाज फर्ज. मोठ्या आलिमानं मागं राहावं, एवढंच आहे किताबात, आणि तेसुद्धा दुसरा पढवणारा असेल तर. दुसरा नसेल तर त्यानंच पढवायची. कुणीच नाही पढली तर सगळं गाव गुनहगार. आणि पढू नका म्हणून सांगणारा सगळ्यांच्या आधी."

परवेजनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. रांगेतले लोक एकमेकांकडं पाहीनात. फाटक वाजलं. सुग्राबी आत आली होती. तिला कुणी अडवलं नाही. ती रांगांच्या कडेनं चालत पुढं आली आणि साहेबांसमोर उभी राहिली.

"मंग माह्या हारुनची होती म्हना ना."

"होती, आपा."

"साल झालं," ती म्हणाली. "साल झालं मी या गावात पदर तोंडावर ओढून चालून राह्यली. हे आरिफा नळावर गेली का बाया भांडं बाजूले घेतात. मी सोताच्या पोराचं नाव घराबाहेर घेतलं नाई. काहून तं त्याची नमाज नाई झाली म्हून, तो तेवढा वंगाळ होता म्हून. अन् तुमी म्हनता होती." तिनं हारुनच्या कबरीकडं हात केला. "मंग पढा. त्याचीबी पढा आता. मानसं आलेच आहेत."

साहेबांनी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना असं वाटलं, की मसला आपल्याला येत नसता तर बरं झालं असतं.

"नाही होत, आपा. देह मातीत मिळून गेला की कबरीवर जनाज्याची नमाज नाही. वेळ गेली त्याची. आता फक्त दुआ करता येते."

"दुआ?" सुग्राबीनं त्यांच्याकडं नीट पाहिलं. त्या पाहण्यात राग राहिला नव्हता, आणि तेच साहेबांना सोसवेना. "दुआ तं मी रोजच करून राह्यली, मौलाना. तुमाले इचारल्याबिगर."

मग ती बाजूला झाली आणि म्हणाली, "पढा लहान्याची. थांबले सारे."

साहेबांनी हात उचलले. पहिली तकबीर, 'अल्लाहु अकबर', इतकी हळू निघाली की मागच्या रांगांना ती परवेजच्या तोंडून ऐकावी लागली. सगळ्यांनी हात बांधले. मुनाफची नमाज चालू झाली तेव्हा सुग्राबी मात्र तिथं उभी नव्हती. ती गवत वाढलेल्या कबरीपाशी जाऊन बसली होती. थोड्या वेळानं आरिफाही फाटकातून आत आली आणि सासूच्या शेजारी बसली. नमाज संपली, लोक पांगले, तरी दोघी तिथून उठल्या नाहीत.